गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, कंपनीचा पैसा आणि माझी सही

शुभ्रा_म

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

चार महिन्यांपूर्वी सकाळी बाबा दाढी करत होते. वस्तरा हातातून बेसिनमध्ये पडला. उचलायला गेले तर उजव्या हाताची बोटं मिटेनात. "काय झालं?" म्हणून विचारलं तर शब्दांऐवजी नुसता आवाज आला. सव्वा तासात आम्ही हॉस्पिटलमध्ये होतो. सीटी स्कॅन झाल्यावर कॅज्युअल्टीतला तरुण डॉक्टर बाहेर आला आणि म्हणाला, "स्ट्रोक, म्हणजे पक्षाघात आहे. मेंदूत रक्तस्राव नाहीये, गुठळीच आहे. इंजेक्शन देता येईल, पण आत्ताच ठरवावं लागेल. यांचं वजन किती?" मला बाबांचं वजन माहीत नव्हतं. डोस वजनावर ठरतो, म्हणून त्यांना स्ट्रेचरसकट काट्यावर घेतलं आणि तेवढ्या वेळात माझ्या हातात फॉर्म आला. इंजेक्शन दिलेल्या शंभरातल्या सुमारे सहा जणांना मेंदूत रक्तस्राव होतो आणि त्यातले काही दगावतात, हे डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं. मी सही केली.

औषधाचं नाव अल्टेप्लेज. एकूण डोसाचा दहावा भाग सिस्टरनी हातानं शिरेत सोडला, उरलेलं पंपावर तासभर चाललं होतं. दर पंधरा मिनिटांनी कोणीतरी येऊन "हात उचला, दात दाखवा" म्हणायचं. तो तास मी कधी विसरणार नाही.

बाबा आज चालतात, बोलतात. सही मात्र अजून वाकडी येते.

मग तीन आठवड्यांपूर्वी मावसभावानं एक जुना लेख पाठवला. २००२ साली 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेला. त्यात लिहिलंय की अमेरिकन हार्ट असोसिएशननं २००० साली या औषधाला आपल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये वरची श्रेणी दिली, आणि औषध बनवणाऱ्या जेनेनटेक कंपनीनं त्याआधीच्या दशकात याच असोसिएशनला १ कोटी १० लाख डॉलरहून जास्त पैसे दिले होते. सूचना करणाऱ्या बहुतेक तज्ज्ञांचे उत्पादक कंपन्यांशी संबंध होते. औषधानं "जीव वाचतात" असा दावा असोसिएशननं आधी केला होता, तो नंतर मागे घेतला.

तेव्हापासून झोप लागत नाही. बाबा बरे आहेत, म्हणजे नशीब चांगलं होतं की निर्णय बरोबर होता? मी ज्या आकड्यांवर सही केली ते कोणाच्या पैशातून आलेत? उद्या पुन्हा तीच वेळ आली तर मी काय करावं? जाणकारांनी मोकळेपणानं सांगावं. माझं मन राखण्यासाठी काही लिहू नका.

रानवाट

शुभ्राताई, वडील सावरले हे वाचून बरं वाटलं. पण तुमची शंका रास्त आहे. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, दुसरं काय.

व्हायॉक्स आठवतंय का कोणाला? मर्क कंपनीची सांधेदुखीवरची गोळी, १९९९ मध्ये बाजारात आली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या आठ हजार रुग्णांच्या चाचणीत व्हायॉक्स घेणाऱ्यांना नेप्रोक्सेन ही जुनी वेदनाशामक गोळी घेणाऱ्यांपेक्षा हार्ट अॅटॅक जास्त आले. कंपनीनं उलटा अर्थ लावला: व्हायॉक्सनं नुकसान केलेलं नाही, नेप्रोक्सेनच हृदयाला जपतं! पुढे उघड झालं की छापलेल्या निबंधात तीन हार्ट अॅटॅक मोजलेच नव्हते, आणि त्याबद्दल खुद्द त्या नियतकालिकानं २००५ मध्ये चिंता व्यक्त केली. औषध २००४ च्या सप्टेंबरअखेर मागे घेतलं. तोवर पाच वर्षं लोक ते खात होते.

मला तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय. हे सगळं वाचल्यावर दोन महिन्यांपूर्वी मी कोलेस्टेरॉलची गोळी बंद केली. माझा आता कोणत्याच चाचणीवर विश्वास उरलेला नाही.

डॉ_निशिगंध

मी न्यूरोलॉजिस्ट आहे. अल्टेप्लेज मी स्वतः देतो, तेव्हा माझं मत त्या नजरेनंच वाचा. कोणत्याही औषध कंपनीकडून मी मानधन घेत नाही.

शुभ्राताई, मावसभावानं पाठवलेल्या लेखातल्या देणग्या खऱ्या आहेत आणि त्यावर प्रश्न विचारणं योग्यच होतं. पण ज्या चाचणीवर हे औषध मंजूर झालं, ती १९९५ ची ६२४ रुग्णांची चाचणी अमेरिकेच्या सरकारी न्यूरोलॉजी संस्थेनं घडवली होती. कंपनीनं औषध पुरवलं. तुम्हाला सांगितलेला सहा टक्क्यांचा आकडा तिथलाच आहे: लक्षणं दिसण्याइतका रक्तस्राव औषध घेणाऱ्यांत ६.४ टक्के, प्लासिबोवर (म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ इंजेक्शनवर) ०.६ टक्के. तो लपवला गेला नाही, पहिल्याच निबंधात छापला होता.

त्या चाचणीवर आक्षेपही आले. सर्वांत ठळक आक्षेप असा, की दोन गटांत सुरुवातीलाच आजाराची तीव्रता सारखी नव्हती. म्हणून एका स्वतंत्र समितीनं सगळी कच्ची माहिती पुन्हा तपासली आणि २००४ मध्ये निष्कर्ष दिला, की तो फरक धरूनही फायदा टिकतो. त्यानंतर २०१२ मध्ये आयएसटी-३ ही याच औषधाची मोठी चाचणी आली. तीन हजारांवर रुग्ण, लक्षणं सुरू होऊन सहा तासांपर्यंत झालेले. तिचा मुख्य निकाल फायद्याच्या बाजूनं सिद्ध झाला नाही: सहा महिन्यांनी स्वतःच्या पायावर उभे ३७ टक्के, औषधाविना ३५. पहिल्या आठवड्यात औषधाच्या गटात मृत्यू जास्त झाले, सहा महिन्यांनी दोन्ही गट सारखे.

मग २०१४ मध्ये नऊ चाचण्यांतल्या ६,७५६ रुग्णांची एकेकाची माहिती एकत्र केली. त्यातून वेळेचं महत्त्व स्वच्छ दिसलं. तीन तासांच्या आत इंजेक्शन मिळालं तर जवळजवळ पूर्ण बरे होणारे ३२.९ टक्के, न मिळालेल्यांत २३.१. तीन ते साडेचार तासांत ३५.३ विरुद्ध ३०.१. आणि पहिल्या सात दिवसांत जीवघेणा रक्तस्राव २.७ टक्के विरुद्ध ०.४.

म्हणजे तुमच्या बाबांसारखे शंभर जण घेतले, तर साधारण दहा जण इंजेक्शनमुळे जास्त बरे होतात आणि दोघेजण इंजेक्शनमुळे दगावतात. "जीव वाचतात" हे वाक्य मागे घ्यावं लागलं ते योग्यच झालं, कारण या औषधानं मृत्यू कमी होत नाहीत, अपंगत्व कमी होतं. तुम्ही दीड तासाच्या आसपास होता. माझे स्वतःचे वडील असते तरी मी सही केली असती.

शुभ्रा_म

डॉक्टर, दोनदा वाचलं. "इंजेक्शनमुळे दोघेजण दगावतात" हे इतक्या सरळ कोणी सांगितलं नव्हतं, आणि का कोण जाणे, ते वाचूनच जीव थोडा शांत झाला. पण मग डॉक्टरांमध्येच याबद्दल भांडण का आहे? भावाचं म्हणणं, इमर्जन्सीचे बरेच डॉक्टर या औषधाच्या विरोधात आहेत.

डॉ_निशिगंध

भांडण आहे, आणि चांगल्या अर्थानं आहे. अमेरिकेतल्या इमर्जन्सी डॉक्टरांच्या संघटनेनं २०१३ मध्ये या औषधाची सर्वांत ठाम शिफारस केली. तिच्याच सभासदांनी आक्षेप घेतले आणि २०१५ मध्ये ती एक पायरी खाली आणली. ज्यांना गुंतागुंत प्रत्यक्ष निस्तरावी लागते त्यांना शंका येणारच. चौथ्या तासाला आलेल्या, सौम्य लक्षणांच्या रुग्णाबाबत मीही थबकतो.

अंशछेद

मी संख्याशास्त्रज्ञ, चाचण्यांचे आराखडे आणि विश्लेषण हेच पोटापाण्याचं काम. त्यातलं बरंचसं औषध आणि उपकरण कंपन्यांसाठी, तेव्हा माझंही मीठ कुठलं ते सांगून ठेवतो.

बाहेरच्या लोकांना वाटतं की कंपनी आकडे बदलते. माझ्या सतरा वर्षांत मी ते एकदाही पाहिलं नाही. देखरेख एवढी असते की आकड्याला हात लावणं कठीण. पाणी मुरतं ते त्याच्या खूप आधी, प्रश्न ठरतो त्या बैठकीत. नव्या औषधाची तुलना कशाशी करायची? जुन्या औषधाचा डोस किती ठेवायचा? मृत्यू मोजायचे, की मृत्यू, अॅटॅक आणि "पुन्हा अँजिओप्लास्टी" यांची एकत्र मोट बांधायची? किती महिन्यांनी मोजायचं? यातला प्रत्येक निर्णय शास्त्रीयदृष्ट्या समर्थनीय असतो. आणि प्रत्येक वेळी दोन समर्थनीय पर्यायांतला एकच निवडला जातो.

२००६ मध्ये 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात एक पाहणी आली होती. २००० ते २००५ या काळात तीन मोठ्या नियतकालिकांत छापलेल्या हृदयविकाराच्या चाचण्या घेतल्या. निव्वळ कंपन्यांच्या पैशावरच्या चाचण्यांपैकी ६७ टक्के नव्या उपचाराच्या बाजूनं, निव्वळ ना-नफा पैशावरच्या ४९ टक्के, दोघांच्या मिश्र पैशावरच्या ५६ टक्के. मिश्र गट बरोबर मधोमध, हे मला सर्वांत बोलकं वाटतं.

व्याख्येनं काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे एक्सेल चाचणी. हृदयाच्या डाव्या मुख्य धमनीत अडथळा असेल तर स्टेंट की बायपास? पैसा स्टेंट बनवणाऱ्या अॅबटचा, रुग्ण १,९०५. पाच वर्षांचा एकत्रित निकाल "दोन्ही सारखेच" असा. पण मृत्यू वेगळे काढले तर स्टेंटच्या गटात १३ टक्के आणि बायपासच्या गटात ९.९. शस्त्रक्रियेच्या वेळचा हार्ट अॅटॅक कोणत्या व्याख्येनं मोजायचा यावर जाहीर वाद पेटला. चाचणीतल्याच एका ज्येष्ठ सर्जननं निबंधावरून नाव काढून घेतलं आणि डिसेंबर २०१९ मध्ये युरोपातल्या हृदयशल्यचिकित्सकांच्या संघटनेनं डाव्या मुख्य धमनीबद्दलच्या मार्गदर्शक सूचनेला दिलेला पाठिंबा मागे घेतला. २०२१ मध्ये चार चाचण्या एकत्र केल्या, तेव्हा पाच वर्षांतल्या मृत्यूंत ठाम फरक दिसला नाही: ११.२ आणि १०.२. आणि हेही लक्षात ठेवा, की सर्जनची रोजीरोटी बायपासवर आहे. वादात निव्वळ तटस्थ असं कोणीच नव्हतं.

आता कंपनीनं कधीच विचारला नसता असा प्रश्न. बीपीसाठी जुनी, पेटंट संपलेली लघवीची गोळी चांगली की नवी महागडी औषधं? तो मुख्यतः सरकारी पैशावर ऑलहॅट चाचणीनं विचारला, ३३ हजारांवर रुग्ण घेऊन. २००२ मध्ये उत्तर आलं: जुनी क्लोरथॅलिडोन कशातच मागे नाही, हार्ट फेल्युअर रोखण्यात तर पुढे. चौथं औषध होतं डॉक्साझोसिन. त्याच्या गटात हार्ट फेल्युअर दुपटीच्या आसपास गेल्यानं तो भाग २००० मध्येच थांबवावा लागला. बीपी उतरत होतं, तरीही.

रानवाट

म्हणजे माझंच म्हणणं खरं झालं की! जे तपासायला पाहिजे ते तपासत नाहीत आणि आमच्यासारखे गोळ्या खात बसतात.

डॉ_निशिगंध

रानवाट, कळकळीनं लिहितो. तुम्हाला स्टेंट आहे. तुमची कोलेस्टेरॉलची गोळी बहुधा स्टॅटिन असणार. १९९४ ची फोर-एस चाचणी पाहा: हृदयविकार असलेले ४,४४४ रुग्ण, पाच वर्षांहून जास्त काळ. प्लासिबोवर २५६ मृत्यू, सिमव्हास्टॅटिनवर १८२. यात मोजायची गोष्ट मृत्यू होती, त्यात व्याख्येची ओढाताण करायला जागाच नाही. आणि या चाचणीचा पैसा मर्कचा होता. व्हायॉक्सवाल्या मर्कचा.

पुढे इतर कंपन्यांच्या आणि विद्यापीठांच्या चाचण्यांतही तोच सूर लागला. सुक्याबरोबर ओलंही जाळू नका. या आठवड्यात तुमच्या डॉक्टरांना भेटा, गोळी बंद केल्याचं त्यांना सांगा. ते रागावतील म्हणून लपवू नका.

जुनं_पान

हृदयरोगतज्ज्ञ, आता निवृत्त. अंशछेद यांनी डॉक्साझोसिनचा उल्लेख केला म्हणून लिहायला बसलो. "बीपी उतरत होतं, तरीही" या तीन-चार शब्दांत माझ्या पिढीचं सगळं दुःख आहे.

मी शिकत होतो तेव्हा हार्ट अॅटॅक येऊन गेलेल्या रुग्णाच्या ईसीजीत जादाचे ठोके दिसले की आम्ही अस्वस्थ व्हायचो. असे ठोके असलेले रुग्ण अचानक दगावतात हे माहीत होतं. एन्कायनाइड, फ्लेकायनाइड ही औषधं ते ठोके सुरेख थांबवायची. कागदाची पट्टी हातात धरून पाहायचो, सगळं सरळ, नियमित. मी ती औषधं दिली आहेत. रुग्णाच्या बायकोला ती पट्टी दाखवून "आता काळजी नाही" असं म्हटलेलंही आठवतंय.

मग अमेरिकेच्या सरकारी हृदयसंस्थेनं कास्ट नावाची चाचणी केली. काहींचा आक्षेप होता की एवढं उघड फायद्याचं औषध निम्म्या लोकांना न देणं अनैतिक आहे. १९८९ मध्ये ती मुदतीआधी थांबवावी लागली. अंतिम मोजणीत औषधावरच्या ७५५ रुग्णांपैकी ६३ दगावले, प्लासिबोवरच्या ७४३ पैकी २६. ठोके थांबत होते आणि माणसंही.

त्याहून जास्त लागलं ते नंतर कळलेलं. १९८० मध्ये लॉरकायनाइड या त्याच जातीच्या औषधाची शंभरेक रुग्णांवर छोटी चाचणी झाली होती. औषधाच्या गटात ९ मृत्यू, प्लासिबोच्या गटात १. संशोधकांना तो योगायोग वाटला. कंपनीनं व्यापारी कारणानं ते औषध सोडून दिलं आणि निकाल छापायचा राहून गेला. १९९३ मध्ये त्याच संशोधकांनी तो छापला, आणि वेळेवर छापला असता तर पुढची सूचना मिळाली असती असं स्वतःच लिहिलं. कोणीही खोटं बोललं नव्हतं. एक निबंध कपाटात पडून राहिला, एवढंच. आज चाचणी सुरू करण्याआधी तिची जाहीर नोंदणी करावी लागते. मोठ्या नियतकालिकांनी २००५ पासून ती अट घातली. त्या अटीमागे अशी कपाटं आहेत.

आणि आम्हा डॉक्टरांचं काय? स्थिर अँजायना (श्रम केल्यावर छातीत दुखणं) असलेल्या रुग्णाला स्टेंट टाकून मृत्यू किंवा अॅटॅक टळतो, असं रुग्ण समजतात आणि आम्ही समजू देतो. २००७ च्या करेज चाचणीत २,२८७ रुग्णांत तसा फायदा दिसला नाही, २०२० मध्ये छापलेल्या इस्केमिया चाचणीतही पाच हजारांवर रुग्णांत दिसला नाही. (चालू हार्ट अॅटॅकची गोष्ट पूर्ण वेगळी, तिथे स्टेंट जीव वाचवतो. कृपया गल्लत करू नका.) हे माहीत झाल्यावरही कॅथलॅब, म्हणजे स्टेंट बसवायची खोली, रिकामी राहिली नाही. तिथे बाहेरच्या कंपनीकडे बोट दाखवून भागत नाही.

मोरपंख_२

जुनं_पान काका, प्रतिसाद वाचून गलबलून आलं. धागा साठवून ठेवला आहे.

डॉ_निशिगंध, एक विचारायचं होतं. माझ्या आत्याला मेंदूच्या धमनीत स्टेंट सुचवलाय. तिथे काय परिस्थिती आहे?

डॉ_निशिगंध

आत्याबाईंचे रिपोर्ट न पाहता सल्ला देणार नाही, पण विचारायलाच हवं असं काही सांगतो. मेंदूच्या आतल्या अरुंद धमनीसाठीच्या विंगस्पॅन स्टेंटला अमेरिकेत २००५ मध्ये जी परवानगी मिळाली ती ४५ रुग्णांच्या अभ्यासावर, तोही तुलनेला दुसरा गट नसलेला. पुढे सरकारी पैशावर सॅमप्रिस चाचणी झाली. २०११ मध्ये ४५१ रुग्णांनंतर थांबवली, कारण तीस दिवसांत स्ट्रोक किंवा मृत्यू स्टेंटच्या गटात १४.७ टक्के आणि नुसत्या औषधांवर ५.८. तेव्हा "औषधांचा पूर्ण उपचार करून झाला आहे का, आणि तरीही स्ट्रोक आला आहे का?" हे विचारा.

याच्या अगदी उलट उदाहरणही देतो. स्ट्रोकमध्ये मोठी गुठळी तारेनं ओढून काढण्याचा उपचार. २०१३ मध्ये तीन चाचण्या अपयशी ठरल्या, सगळे म्हणाले संपलं. मग नेदरलँड्समध्ये मिस्टर क्लीन चाचणी झाली: ५०० रुग्ण, नव्वद दिवसांनी स्वावलंबी ३२.६ टक्के विरुद्ध १९.१. पैसा तिथल्या हार्ट फाउंडेशनचा, शिवाय उपकरण कंपन्यांचाही. पाठोपाठच्या चाचण्यांतही तेच आलं. आज हा उपचार नाकारणं मला जमणार नाही.

अंशछेद

शुभ्राताईंच्या औषधाकडे परत येतो, कारण त्यातली एक गोष्ट राहिली. अल्टेप्लेजचं भावंड आहे टेनेक्टेप्लेज. ते एकाच झटक्यात शिरेतून देता येतं, तासभर पंप लागत नाही. हार्ट अॅटॅकसाठी ते २००० सालापासून मंजूर होतं. अमेरिकेत दोन्ही औषधं एकाच कंपनीची, मग एकानं दुसऱ्याची जागा घ्यावी म्हणून मोठी चाचणी करण्याची घाई कोणाला असणार? स्ट्रोकमधला मोठा पुरावा नॉर्वेतल्या ११०० रुग्णांच्या आणि कॅनडातल्या सुमारे १६०० रुग्णांच्या चाचण्यांनी दिला, सार्वजनिक पैशावर. कॅनडाचा निकाल २०२२ मध्ये आला: चांगले बरे झालेले ३६.९ टक्के, अल्टेप्लेजवर ३४.८. अमेरिकेत स्ट्रोकसाठीची मंजुरी २०२५ मध्ये मिळाली. पंचवीस वर्षं. त्या काळात किती जणांचा तो तासभराचा पंप मध्येच अडखळला असेल, याचा हिशेब कुठल्याही तक्त्यात नाही.

रानवाट

परवाची वेळ घेतली आहे डॉक्टरांची. फोर-एसचे आकडे वाचून रात्री बराच वेळ जागा होतो. मर्कच्या एका चाचणीवरून मी दुसरी फेकून दिली, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. राग अजून आहे. तो गोळीवर काढायला नको होता.

शुभ्रा_म

सर्वांचे मनापासून आभार. काका, तुमची ती ईसीजीची पट्टी डोळ्यांसमोरून हलत नाही.

काल बाबांना घेऊन फॉलोअपला गेले होते. यावेळी कागदावर तीन ओळी लिहून नेल्या होत्या: या गोळीनं शंभरात किती जणांना काय फायदा होतो, न घेतली तर काय होतं, आणि ज्या चाचणीवर हे सांगताय तिच्यात मोजलं काय होतं. डॉक्टर आधी जरा चमकले, मग खुर्ची पुढे ओढून बसले. दोन आकडे त्यांनी तिथल्या तिथे सांगितले. तिसऱ्याला म्हणाले, "बघून सांगतो," आणि संध्याकाळी खरंच फोन केला.

बाबांना हा धागा वाचून दाखवला. सगळं ऐकून त्यांनी तो जुना संमतीचा फॉर्म मागवला, माझी सही पाहिली आणि विचारलं, "तुझा हात एवढा कापत होता?" मी हो म्हटलं. मग त्यांनी पेन घेऊन खाली आपली सही करून पाहिली. शेवटचं वळण अजून जमत नाही.

जुनं_पान

जमेल. हाताचा व्यायाम वर्षभर तरी सोडू देऊ नका, सुधारणा उशिरापर्यंत होत राहते. आणि पुन्हा कधी तशी लक्षणं दिसली, तर शेवटचं ठीक कधी होते ते घड्याळ पाहून लिहून ठेवा. कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न तोच असतो. वजनही.